आत्यांची काळी पानं

सर्व संबंधितांना जड अंतःकरणाने कळवण्यात येत आहे की, परळच्या आमच्या इमारतीतल्या माणसांनी गेल्या काही वर्षांत विदर्भातल्या जंगलांत जाऊन जेवढे वाघ पाहिले, त्यांतल्या एकाचाही फोटो उपलब्ध नाही. वाघ होते. आम्ही होतो. कॅमेरा होता, त्याची बॅटरी भरलेली होती, आणि तो ज्यांच्या हातात होता त्या बाईंनी उभा जन्म माणसांना स्थिर उभं करून त्यांची चित्रं घेण्यात घालवला होता. तरीही वाघ नाही. नातेवाईक विचारतात, आम्ही खाली बघतो. या हानीची संपूर्ण जबाबदारी आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या त्या बाईंकडे जाते, आणि त्यांनी ती कधी नाकारलेली नाही. कोणी फारच छळलं तर त्या एवढंच म्हणतात, "वाघ काय रे, सगळे सारखेच. बघणारा बघ ना तू."

त्यांना सगळी इमारत आत्या म्हणते. खरं तर त्या एकाच भाच्याच्या आत्या. भाचा लग्न करून डोंबिवलीला राहायला गेला, हाक मात्र इथेच राहिली. आज पन्नाशी ओलांडलेला मीही त्यांना आत्या म्हणतो आणि सत्तरीला टेकलेला आमचा वॉचमनही.

परळच्या एका मोठ्या रुग्णालयात त्या एक्स-रे विभागात होत्या. नोकरी संपली, पण नजर त्यांनी परत केली नाही. लिफ्टमध्ये कोणी भेटलं की इतरांची नजर चेहऱ्यावर जाते, आत्यांची खांद्यावर. "डावा खांदा पाडून चालतोस हल्ली. बॅग दुसऱ्या हातात घे." माझ्या बायकोला त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की तुझा मणका सुरेख आहे. बायको अजून ते सांगते. माझ्याकडून इतक्या वर्षांत इतकं नेमकं कौतुक झालेलं नाही, असंही सांगते.

"श्वास घ्या. रोखा. हलू नका. सोडा." या चार आज्ञांवर आत्यांचा सगळा संसार चालतो. लग्न त्यांनी केलं नाही, पण संसार आहे. गतिरोधक आला की गाडी चालवता चालवता म्हणणार, "श्वास रोखा," आणि गाडी पलीकडे उतरली की, "सोडा." सोसायटीच्या सभेत एकदा पार्किंगवरून दोन सभासद एकमेकांच्या गळ्याशी आले होते. मागच्या खुर्चीवरून आत्यांचा सपाट आवाज आला, "श्वास घ्या. रोखा." आणि दोघांनी खरोखर रोखला. याला कारण आहे. आमच्या भागातला असा माणूस विरळा, जो कधी ना कधी अंगातला सदरा काढून आत्यांच्या यंत्रापुढे कुडकुडत उभा राहिलेला नाही. त्यांच्यापुढे रुबाब करायला कोणाकडे काही शिल्लकच नाही.

निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला निघतात. आत्यांनी मोटार ड्रायव्हिंग स्कूल गाठलं. साठीनंतर लायसन्स काढलं, एक जुनी व्हॅन घेतली आणि जाहीर केलं की आता महाराष्ट्रातली सगळी अभयारण्यं बघायची, आणि रस्त्याने बघायची. समृद्धी महामार्ग झाला तेव्हा आम्ही खूश झालो, नागपूर जवळ आलं म्हणून. आत्या एकदाच त्यावरून गेल्या आणि नाराज होऊन परतल्या. त्यांचं म्हणणं, सरळ रस्त्यावर आठवण चिकटत नाही, तिला वळण लागतं. तेव्हापासून आमची व्हॅन जुन्याच रस्त्याने, बैलगाडीला लाजवेल अशा बेताने, प्रत्येक चहाच्या टपरीची विचारपूस करत जाते. मागच्या सीटवर मी आणि माझी बायको. पुढे स्टेअरिंगवर आत्या. आणि त्यांच्या शेजारी सिस्टर. पण सिस्टरांकडे येतो. त्यांना घाईने आणलेलं चालत नाही.

आधी पानं.

दर सहलीनंतर आत्या एक पान करतात. एक सहल, एक पान, मग ती ताडोब्याची असो की बोरिवलीच्या नॅशनल पार्कची. हे पान काळं असतं. रुग्णालयात सगळं कॉम्प्युटरवर गेलं तेव्हा जुन्या फिल्मच्या खोक्यांमधला जाड काळा कागद टाकून देणार होते, तो साहेबांना विचारून आत्या घरी घेऊन आल्या. त्यांच्या पलंगाखाली तो अजून आहे. फोटो दादरच्या एका स्टुडिओत छापून आणायचे. गम नाही वापरायचा, गम पिवळा पडतो. मैद्याची खळ शिजवायची, तिच्यात किडीसाठी चिमूटभर मोरचूद. ज्या दिवशी आत्यांकडे खळ शिजते त्या दिवशी सगळ्या मजल्याला कळतं, की पान होणार.

फोटो हातात आला की आत्या तो आधी ट्यूबलाइटकडे धरतात. फोटो काही पारदर्शक नसतो, पण हात आपोआप वर जातो. मग कोपऱ्यात पांढऱ्या पेन्सिलीने "डा" नाहीतर "उ" लिहायचं, डावं-उजवं चुकू नये म्हणून. मग खाली मजकूर. इतर लोक लिहितात, "आम्ही सर्वजण, अविस्मरणीय क्षण." आत्या रिपोर्ट लिहितात. कसारा घाटात माझी बायको माझ्यावर चिडली होती, त्या फोटोखाली लिहिलंय: "मान, बाजूने. नवऱ्यापासून दूर वळलेली. हाडाला इजा नाही. निष्कर्ष: खिडकीची जागा." माझा एक फोटो आहे, नाशिकच्या अलीकडे मिसळ खाताना. त्याखाली: "चेहरा. घाम, लाली, डोळ्यांत पाणी. रुग्ण थांबायला तयार नाही." हे पान आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दाखवलं जातं. मी ते लपवून ठेवायचा प्रयत्न करून पाहिला आहे.

फोटो काढायची त्यांची पद्धतही सांगायला हवी. सगळ्यांना ओळीत उभं करायचं, "श्वास घ्या, रोखा, हलू नका," असं म्हणायचं, आणि कॅमेऱ्याचं बटण दाबायचंच नाही. माणसं गाल फुगवून, पोट आत ओढून, मृत्युपूर्व शांततेत उभी. मग आत्या म्हणणार, "सोडा." आणि माणसं हुश्श करून सैल झाली, कोणी हसलं, कोणाचं पोट होतं तिथे परत आलं, की टिक. म्हणून त्यांच्या फोटोतली माणसं नुकतीच सुटल्यासारखी दिसतात. मी लग्नांचे महागडे अल्बम पाहिले आहेत. त्यांत अशी मोकळी माणसं मला सापडलेली नाहीत.

शिवाय त्यांची जुन्या कामावरची एक सवय. सकाळी यंत्र सुरू केलं की पहिली फिल्म चाचणीची, ती पेशंटवर वाया घालवायची नाही. कॅमेऱ्याचंही तेच. प्रत्येक थांब्यावर पहिला फोटो चाचणीचा. जे हाताशी असेल त्याच्यावर कॅमेरा रोखायचा, टिक करायचं, उजेड बघायचा, मग कामाला लागायचं.

आता सिस्टर.

सिस्टर त्याच रुग्णालयातल्या. नायगावच्या चाळीत वाढलेल्या, वडील गिरणीत, घरातल्या पहिल्या शिकलेल्या. पुढे एका अख्ख्या वॉर्डाच्या इनचार्ज झाल्या. त्या वॉर्डात शिरल्या की डॉक्टरसुद्धा शर्टाचं वरचं बटण लावायचे, असं ऐकून आहे, आणि त्यांना पाहिल्यावर मला ते खरं वाटलं. आत्या आणि सिस्टर यांची दोस्ती तरुणपणापासूनची. एक हाडं बघायची, दुसरी उरलेलं सगळं. व्हॅनच्या डॅशबोर्डवर आत्यांच्या कोकणातल्या गावची देवी आणि सिस्टरांचा छोटा बुद्ध शेजारी शेजारी आहेत, दोन्ही त्याच खळीने चिकटवलेले. सिस्टरांचं गाडीतलं काम म्हणजे संत्री सोलणं, मैलाचे दगड मोठ्याने वाचणं आणि आत्यांच्या ड्रायव्हिंगवर बोलणं. "बये, तो ट्रकवाला तुला हात दाखवतोय, तू त्याला बायबाय काय करतेस?" दोघी एकमेकींना अगं-तुगं करत, आणि रागावल्या की आत्या मालवणीत शिरत. "गप रव गो," एवढं झालं की पुढचा टोलनाका येईपर्यंत गाडीत शांतता.

सिस्टरांची एकच अट होती. पानावर त्या दिसता कामा नयेत.

कारण साधं होतं आणि त्यांच्या दृष्टीने पुरेसं होतं. त्यांचं म्हणणं, माझा चेहरा फोटोत भयंकर येतो. कधीतरी मुलाकडे परदेशी जायचं म्हणून पासपोर्ट काढला, तेव्हा स्वतःचा फोटो पाहून त्या म्हणाल्या होत्या, "या बाईच्या हातून मी इंजेक्शन घेणार नाही." हसण्यावारी नेण्यासारखं वाक्य, पण सिस्टर हसल्या नव्हत्या. एवढी वर्षं लोक आपल्याला बघून चादरी नीट करतात, ते आपल्या शिस्तीमुळे की आपल्या तोंडामुळे, ही शंका त्यांच्या मनात त्या फोटोने घातली होती, आणि ती निघाली नाही. पहिल्याच सहलीला व्हॅनचं दार धरून त्यांनी आत्यांना सांगितलं, पानावर मी दिसले त्या दिवशी ही गाडी तुझी, रस्ता तुझा, मी घरी. आत्यांनी शब्द दिला. आणि आत्यांचा शब्द म्हणजे प्लास्टर, मुदतीआधी सुटत नाही. पानामागून पानं झाली. आम्ही सगळे त्यांत सुटलेले, सैलावलेले, घामाघूम. सिस्टर एकाही पानावर नाहीत. कॅमेरा वळला की ओढणी तोंडावर.

या ओढणीमुळेच तो ताडोब्याचा प्रसंग घडला.

जंगलात मोबाईलला बंदी असते, म्हणून आत्यांकडे त्यांचा छोटा कॅमेरा. जिप्सीत त्या हट्टाने पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसल्या, कारण तिथून वळून मागच्यांचे चेहरे दिसतात. मागे आम्ही दोघं आणि सिस्टर, आमच्या मागे गाइड. सकाळभर फिरून सगळ्यांनी आशा सोडली, मी तर डबा उघडायच्या बेतात होतो, आणि वळणावर तो बसलेला. रस्त्याच्या मधोमध. पुढे काय झालं ते मी नीट सांगू शकत नाही, कारण माझ्या शरीरातलं पाणी त्या क्षणी कुठेतरी निघून गेलं होतं. बायकोने माझी कॉलर धरली. आणि या सगळ्या काळात आत्या वाघाकडे पाठ करून, सीटवर वळून, आमच्याकडे कॅमेरा रोखून बसलेल्या. गाइड कुजबुजत होता, "मॅडम, मागे बघा, मॅडम, मागे." आत्या तितक्याच हळू म्हणाल्या, "त्याला बसू दे. ह्यांचं तोंड मिटायच्या आत घेऊ दे मला."

वाघ उठला, शेपूट हलवली, बांबूत गेला. मग आत्या वळल्या. रस्ता रिकामा.

त्या पानावर माझा फोटो आहे: "जबडा पूर्ण उघडा. वेदना नाहीत." बायकोचा: "उजवी मूठ. पकड उत्तम. कॉलर बदलावी लागेल." गाइडचाही आहे, तो वाघाकडे न बघता आत्यांकडे बघतोय: "दृष्टी भलतीकडे. कारण मी." पण खरी गंमत परतीच्या वाटेवर कळली. आत्यांनी कॅमेरा वळवल्याबरोबर सिस्टरांनी सवयीने ओढणी तोंडावर घेतली होती, आणि वाघ जाईपर्यंत ती काढली नव्हती. म्हणजे एवढ्या लांब जाऊन, वाघापासून हाकेच्या अंतरावर बसून, एकीने पाठ केली आणि दुसरीने तोंड झाकलं. दोघींनी वाघ पाहिला नाही. गेटपर्यंत भांडण पुरलं. सिस्टर म्हणत होत्या, तुझ्या कॅमेऱ्याने माझा वाघ खाल्ला. आत्या म्हणत होत्या, तुझ्या तोंडाने. गेटवर चहा घेतला तेव्हा दोघी इतक्या हसत होत्या की सिस्टरांना ठसका लागला आणि आत्या त्यांच्या पाठीवर नेमक्या कितव्या बरगडीच्या मागे थापटावं ते शोधत होत्या.

तेव्हा हे हसणं कोणी टिपलं नाही. टिपायचंच नव्हतं.

मग मागच्या वर्षी भाच्याची बायको पहिल्यांदाच निवांत राहायला आली. चांगली मुलगी. दुपारभर तिने सगळी पानं उलटून पाहिली, रिपोर्ट वाचून खळखळून हसली, मला जबड्यावरून ओळखलं. आणि शेवटचं पान मिटताना सहज म्हणाली, "आत्या, तुमच्या शेजारची सीट कायम रिकामीच असायची का? मैत्रीण वगैरे कोणी नाही?"

मी तिथेच होतो. आत्यांनी पानं उचलली, कडा जुळवल्या, पुन्हा जुळवल्या. त्या आठवड्यात त्यांनी लिफ्टमध्ये कोणाच्याही खांद्याबद्दल काही सांगितलं नाही. वॉचमनने मला बाजूला घेऊन विचारलं की आत्यांना बरं नाही का.

आणि त्याच सुमारास सिस्टरांचं ठरलं. परदेशातून परतलेला मुलगा आता बंगळुरूला स्थायिक, तो कायमचं घेऊन जायला येणार. गुडघे गेलेले, इथे एकटं राहणं नको. बरोबरच होतं, म्हणून कोणाला भांडताही येईना. आत्या मला म्हणाल्या, "ती गेली की राहिलं काय? ही पानं. आणि पानं म्हणतात, मी एकटीच फिरले. तिला एका पानावर आणल्याशिवाय मी तिला जाऊ देणार नाही रे. पण शब्दही मोडणार नाही. मोडला तर ती जाताना भांडून जाईल, आणि बंगळुरूहून भांडण मिटत नाही."

मी एक व्यवहारी मार्ग सुचवला: नकळत एक फोटो काढू, मोबाईलवर, कोणाला कळणार आहे? आत्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की माझ्या बरगड्या मला स्वतःला मोजता आल्या. पेशंटला न सांगता मी कधी बटण दाबलेलं नाही, म्हणाल्या. मग आम्ही कॉम्प्युटर उघडून बसलो, जुने फोटो चाळायला. सिस्टर कुठे चुकून तरी असतील. चुकूनही नव्हत्या. ओढणी होती. एका ठिकाणी छत्री.

चाळता चाळता मी कंटाळलो आणि मधले कचरा फोटो भराभर पुढे ढकलू लागलो. आत्यांनी माझं मनगट धरलं. "थांब. मागे घे."

तो चाचणीचा फोटो होता. नागझिऱ्याच्या वाटेवरचा. एक कोपर, सुती बाही, मांडीवर संत्र्याची सालं. मागे गेलो, दुसरा. डॅशबोर्डवर टाकलेली दोन पावलं. तिसरा, गुडघा. प्रत्येक थांब्यावर पहिला फोटो हाताशी असेल त्याचा, आणि स्टेअरिंगवर बसलेल्या आत्यांच्या हाताशी कायम एकच गोष्ट होती. इतक्या वर्षांत त्यांनी एकही चाचणी पुसली नव्हती. पेंचला अंबाडा, पाठीमागून, आत्या डिकी उघडून उभ्या असतानाचा. कुठे कानाची पाळी, कुठे घड्याळ आतल्या बाजूला बांधलेलं मनगट. सिस्टर हरकत घेत नसत, कारण तोंडाकडे रोखलेला कॅमेरा तेवढा त्यांना कॅमेरा वाटे. बाकीचा, आत्या उजेड बघतायत.

आत्यांनी पडद्यावरच्या मनगटावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "आम्ही तरी अख्खा माणूस कधी घेतला? मनगट घेतलं, छाती घेतली, घोटा घेतला. जोडून घ्यायचं असतं."

तर असं ठरलं, की सिस्टर उभ्या करायच्या. पुऱ्या उंचीच्या. तुकड्या-तुकड्यांनी.

स्टुडिओवाल्याला आत्यांनी बजावलं होतं, कोपर कोपराएवढं आलं पाहिजे, पाऊल पावलाएवढं. मी पाकीट आणायला गेलो तर पाकीट हलकं. तो सज्जन माणूस म्हणाला, यात बरेच फोटो चुकून आलेले होते हो, कोणाचे पायबिय, ते मी छापलेच नाहीत. मी त्याला समजवायचा प्रयत्न केला की आम्हाला फक्त पायबियच हवेत. त्याने दुकानातल्या बाकीच्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं आणि मला जरा बाजूला उभं केलं. शेवटी आत्या स्वतः गेल्या. त्यांनी काउंटरवर हात ठेवून त्याला विचारलं की कंबर कधीपासून दुखतेय, आणि सगळे फोटो संध्याकाळपर्यंत छापून मिळाले.

मग कळलं की डावी बाजू नाही. सिस्टर बसायच्या आत्यांच्या डाव्या हाताला, म्हणजे आत्यांना दिसायची ती त्यांची उजवी बाजू. उजवी कोपरं ढीगभर, उजव्या गुडघ्यांची रास, आणि डावं कोपर औषधालाही नाही. आत्या हवालदिल झाल्या. डाव्या हाताशिवाय ती संत्रं सोलणार कशी, असं त्या खरोखर म्हणाल्या. ते कोपर माझ्या बायकोने शोधून काढलं. एका जंगलाच्या गेटवर आत्या पास घ्यायला उतरल्या होत्या, आणि परत येताना गाडीच्या खिडकीबाहेर टाकलेला तो हात चाचणीत आला होता. बायकोचा त्या दिवशी मजल्यावर सत्कार व्हायचाच तेवढा बाकी राहिला.

पान मोठं लागणार, तेव्हा काळे कागद मागून खळीने जोडले. घरात मावेना म्हणून लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत पसरलं. उंची हवी होती. सिस्टर आणि मी एका उंचीचे आहोत, हे माझ्या बायकोने लग्नानंतर मला अनेकदा वेगवेगळ्या सुरांत ऐकवलेलं आहे. तेव्हा मला कागदावर आडवं व्हायला सांगण्यात आलं. "हलू नकोस," असं म्हणून आत्या पांढरी पेन्सिल घेऊन माझ्या अंगाभोवती रेघ ओढू लागल्या. बायको डोक्याशी उकिडवी बसली होती. याच वेळी लिफ्टचं दार उघडलं आणि सोसायटीचे सेक्रेटरी कोथिंबिरीची जुडी घेऊन बाहेर आले. त्यांनी काळ्या कागदावर निश्चल पडलेला मी पाहिला, माझ्याभोवतीची पांढरी रेघ पाहिली, शेजारी बसलेली माझी बायको पाहिली. अगदी खालच्या आवाजात त्यांनी बायकोला विचारलं, "पोलीस येऊन गेले का, वहिनी?"

मी श्वास सोडला, तर कोथिंबीर जमिनीवर.

पान तयार झालं तेव्हा आम्ही तिघंही दोन पावलं मागे सरलो. खाली पावलं, वर गुडघे, मांडीवर सालं, दोन कोपरं, मनगटं, मानेवर सुटलेली एक बट, कानाची पाळी, त्यामागे अंबाड्याची कड. प्रत्येक तुकडा वेगळ्या जंगलातला, वेगळ्या उन्हातला, आणि तरी ओळखू यावी अशी एक बाई. फक्त जिथे चेहरा यायचा तिथे काळा कागद. आत्यांनी तो तसाच ठेवला होता. माझी बायको हळूच मला म्हणाली की हे जरा भुतासारखं दिसतंय, आणि सिस्टर हे बघून परत बोलल्याच नाहीत तर आत्यांचं काय होईल? मलाही तेच वाटत होतं. कारण सरळ पाहिलं तर शब्द मोडलेला होता. आत्यांची बाजू एवढीच, की एकही फोटो सिस्टरांचा नाही, सगळे कोपराचे आणि गुडघ्याचे आहेत. असल्या युक्तिवादावर मी तरी कुठला खटला लढवला नसता.

निघण्याच्या आदल्या दिवशी सिस्टर चहाला आल्या. मुलाचा खांदा धरून, सावकाश. पान पडद्याच्या दांडीला चिमट्यांनी लावलेलं होतं, वरपासून जमिनीपर्यंत. सिस्टर दारातच थांबल्या. आत्या स्वयंपाकघराच्या दाराशी चहाची गाळणी हातात घेऊन उभ्या होत्या, आणि मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, पण त्यांचा आवाज इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

"तोंडाचा एकही नाय बघ," त्या म्हणाल्या. "शब्द दिला होता, तसा."

सिस्टर पुढे गेल्या. वॉर्डाची फेरी असते तशा, पायापासून सुरू. रिपोर्ट त्यांनी मोठ्याने वाचायला घेतले, मैलाचे दगड वाचायच्या त्याच आवाजात. "पावलं, दोन्ही. सूज. कारण: तीस-पस्तीस वर्षं उभी." "गुडघा, उजवा. झीज भरपूर. तरी मचाणावर चढली." "मनगट. घड्याळ आत. ड्युटी संपली हे हिला कोणी सांगावं." कोपरापाशी त्या थांबल्या. तिथे लिहिलं होतं: "उजवं कोपर. हालचाल चांगली. निष्कर्ष: प्रत्येक संत्र्यातला मोठा भाग मला आला." हे त्यांनी मोठ्याने वाचलं नाही. नुसते ओठ हलले. मुलगा पुढे झाला, तर त्यांनी त्याला हाताने मागे सारलं.

चहा उतू गेला. आत्या हलल्या नाहीत. आम्ही दोघं भिंतीला चिकटून उभे, काही झालं तर लिफ्टपर्यंत जायला वाट मोकळी ठेवून.

सिस्टर आता मान वर करून त्या काळ्या जागेकडे बघत होत्या. बघत राहिल्या. त्यांनी बोट तिथे टेकवलं, खळ वाळली आहे की नाही ते बघावं तसं. त्यांच्या कपाळावर आठी चढली, तीच, जिच्यापुढे डॉक्टर बटणं लावत. मग त्या आत्यांकडे वळल्या, आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या:

"आणि माझं तोंड कुठाय गं, बये?"